रूटचा पासवर्ड कोणाकडे?

भीमजयंतीला आमच्या वस्तीत दोन गोष्टी हमखास होतात. डीजे लागतो आणि कोणीतरी काहीतरी भेट देतं. कधी वह्या, कधी पाण्याचा फिल्टर, कधी व्यायामशाळेची वजनं. गेल्या काही वर्षांत त्यात संगणकांची भर पडली आहे. फीत कापतात, फोटो काढतात, फ्लेक्सवर नावं येतात. वर्षभराने तो संगणक चालतो का, चालत नसेल तर का, हे विचारायला कोणी फिरकत नाही. देणाऱ्यांनाच दोष देऊन उपयोग नाही, कारण आपणही विचारत नाही. मी स्वतः दोन-अडीच वर्षं विचारलं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे जी विचारत होती तिला गप्प बसवलं. म्हणून हे लिहिते आहे.

लोहियानगरात एका विहाराच्या वरच्या मजल्यावर आमची अभ्यासिका आहे. गंज पेठेतला महात्मा फुले वाडा इथून चालत जाण्याच्या अंतरावर. दहावी-बारावीची, पोलीस भरतीची, स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली रात्री अकरापर्यंत इथे बसतात, कारण घर दहा बाय दहाचं आणि त्यात टीव्ही चालू. २०२२ साली इथे सहा जुने डेस्कटॉप आले. एका कंपनीने बाद केलेले. त्यांच्यासोबत त्या कंपनीतला एक इंजिनिअर आला, आपल्याच समाजातला, मनाने चांगला. त्याने दोन रविवार खर्च करून सगळ्यांवर लिनक्स बसवलं. डेबियन ११, टोपणनाव बुल्सआय. (डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या सिनेमातल्या पात्रांची नावं देतात, हे मला फार उशिरा कळलं.) विंडोजचा परवाना घ्यायचा तर पैसे, चोरीचं टाकायचं तर व्हायरस. लिनक्स फुकट आणि जुन्या मशिनवरही बरं चालतं. मी एकच आग्रह धरला होता, सगळं मराठीत दिसलं पाहिजे. त्याने तेही करून दिलं.

२०२३ मध्ये त्याची बदली झाली. जाताना एका चिठ्ठीवर रूटचा पासवर्ड लिहून माझ्या हातात दिला. म्हणाला, "ताई, फक्त तुमच्याकडे ठेवा. मुलांना देऊ नका, बिघडवतील." मी ती चिठ्ठी विहाराच्या कपाटात दानपेटीच्या किल्लीशेजारी ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लिनक्समध्ये रूट हे सगळे अधिकार असलेलं खातं. साध्या खात्यातून तुम्ही आपल्या फायली उघडा, टाईप करा, इंटरनेट बघा. पण नवीन सॉफ्टवेअर टाकणं, जुनं काढणं, आख्खी यंत्रणा पुढच्या आवृत्तीवर नेणं, हे रूटशिवाय होत नाही. म्हणजे ती चिठ्ठी ज्या दिवशी कपाटात गेली त्या दिवशी सहाही संगणकांची वाढ खुंटली. मला अपडेट करता येत नव्हतं. ज्यांना शिकून करता आलं असतं त्यांच्याकडे चिठ्ठी नव्हती.

अभ्यासिकेतली एक मुलगी, तेव्हा अकरावीत होती, दोनदा माझ्याकडे आली. "ताई, पासवर्ड द्या ना. अपडेट करायचंय, स्क्रीनवर सारखं येतंय." दोन्ही वेळा मी "बघू" म्हटलं. आपल्याकडे "बघू"चा अर्थ काय असतो हे वेगळं सांगायला नको.

आता मजा बघा. मी स्वतः शाळेत असताना संगणक कक्ष होता. चपला बाहेर, हात धुऊन आत, चार संगणक आणि पन्नास मुलं. सर ज्यांना पुढे बसवत ती मुलं बहुतेक ठरलेली असत. आम्ही वस्तीतल्या पोरी मागे उभ्या राहून पुढच्याच्या खांद्यावरून बघायचो. भिंतीवर पाटी होती, "विनापरवानगी हात लावू नये". पुढे समाजशास्त्रात एम.ए. करताना स्पृश्य-अस्पृश्य, शुद्ध-अशुद्ध याची सगळी सिद्धांतमांडणी वाचली तेव्हा मला ती पाटी आठवायची. आणि एवढं सगळं वाचून मी काय केलं? स्वतःच्या कपाटावर तीच पाटी लावली, फक्त अक्षरांशिवाय. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध असमानता म्हटलं, त्यातली खरी मेख ही की प्रत्येकाला खाली बघायला कोणीतरी मिळतं. इंजिनिअरने माझा हात कीबोर्डला लागू दिला नाही, मी त्या पोरीचा लागू दिला नाही. दोघांचंही कारण एकच: काळजी.

सप्टेंबर २०२५ मध्ये ही काळजी अंगाशी आली. त्या मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. आमच्या संगणकांवरचा ब्राउझर २०२३ सालचा. संकेतस्थळ उघडायचं, लॉगिनपर्यंत जायचं आणि पुढे पांढरं पान. ती तीन संध्याकाळ खटपट करत राहिली. शेवटी मुदत संपायच्या आदल्या दिवशी सायबर कॅफेत जाऊन दीडशे रुपये देऊन अर्ज भरून आली. तिची आई चार घरची धुणीभांडी करते, दीडशे रुपये म्हणजे काय हे मला माहीत आहे. ती मला टाकून बोलली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, ब्राउझर फुकटच होता. फक्त पासवर्ड पाहिजे होता."

मी त्याच रात्री कपाट उघडलं.

इथे थोडं थांबून मुद्द्याचं बोलते, कारण 'ओपन सोर्स' या शब्दाने आपल्यातले बरेच जण भारावून जातात आणि बाकीचे त्याला बड्या घरच्या पोरांचा छंद समजून सोडून देतात. डेबियन हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला. जगभरातले स्वयंसेवक तो चालवतात. त्यांनी १९९७ साली एक सामाजिक करार लिहून काढला, त्यासोबत कोणतं सॉफ्टवेअर मुक्त मानायचं याचे नियम आहेत. त्यातला एक नियम असा की परवान्याने कोणत्याही व्यक्तीशी किंवा गटाशी भेदभाव करता कामा नये. वाचलं तेव्हा बरं वाटलं. पण आपल्याला असे कागद नवीन नाहीत. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा बोले ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठरावही केला. तळं कागदावर खुलंच होतं. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोक घेऊन तिथे जावं लागलं, आणि त्यानंतरही हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. उलट जोतीरावांनी १८६८ मध्ये स्वतःच्या घरातला हौद खुला केला. त्यांनी ठरावाची वाट पाहिली नाही. तो हौद आजही आमच्या शेजारी, त्या वाड्यात आहे.

तर परवाना खुला असणं हा ठराव झाला. ओंजळीत पाणी येणं वेगळं. लिनक्सच्या बाबतीत पाण्यापर्यंत पोचायला इंग्रजी लागतं, सलग वेळ लागतो, न जाणारी लाईट लागते आणि रूटचा पासवर्ड लागतो. "सगळं इंटरनेटवर फुकट आहे, वाचा की" असं म्हणणारे लिनक्सप्रेमी आणि "परीक्षा सगळ्यांना खुली आहे, अभ्यास करा की" असं म्हणणारे लोक एकाच सुरात बोलतात. मात्र यावरून "हे तंत्रज्ञानच ब्राह्मणी, आपल्याला नको" असा निष्कर्ष काढणाऱ्या आपल्या काही मित्रांशीही माझं जमत नाही. गांधीवादाचा यंत्रविरोध बाबासाहेबांनी सडेतोड खोडून काढला होता. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, हा त्यांचा युक्तिवाद. प्रश्न यंत्र कोणाच्या हातात, हा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत, २६ ऑक्टोबरच्या रविवारी आम्ही बसलो. ती मुलगी (आता बारावी पार करून कॉलेजात), तिच्या दोन मैत्रिणी, पोलीस भरतीचा एक मुलगा आणि मी. तिने आठवडाभर तयारी केली होती. डेबियन प्रत्येक आवृत्तीसोबत सूचना-पुस्तिका काढतं, त्यातलं चौथं प्रकरण जुन्या आवृत्तीवरून नवीवर कसं यायचं याचं असतं. इंग्रजीत. तिने फोनवर भाषांतर करत, अडलेले शब्द शेजाऱ्यांना विचारत, दोनशे पानी वहीत सगळं मराठीत उतरवलं होतं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, "उडी मारायची नाही." म्हणजे ११ वरून थेट १३ वर जायचं नाही. आधी १२, मग १३.

सकाळी सगळ्यांच्या फायली आणि प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे पेनड्राइव्हवर घेतले. मग काळी खिडकी, ज्याला टर्मिनल म्हणतात, ती उघडून रूट झालो. 'एसयू' आणि त्यापुढे एक आडवी रेघ. ती रेघ विसरली की पासवर्ड बरोबर असूनही पुढे डीपीकेजी कुरकुर करतं, अमुक आज्ञा सापडत नाही म्हणतं. आमची पहिल्यांदा विसरलीच. अर्धा तास त्यात गेला.

ॲप्ट हा डेबियनचा पॅकेज मॅनेजर. दुकानदार म्हणा. 'ॲप्ट अपडेट' आणि 'ॲप्ट अपग्रेड' या दोन आज्ञांत सगळे गोंधळतात, मीही गोंधळले. तिने रेशन दुकानाचं उदाहरण दिलं. अपडेट म्हणजे दुकानाबाहेरची पाटी वाचून येणं, गहू आला का, तांदूळ किती. पाटी वाचून पिशवी भरत नाही. अपग्रेड म्हणजे पिशवी भरून घरी आणणं. आणि या दुकानदाराचं एक बरं आहे, मालाच्या यादीवरची सही तपासतो. माल कोणत्याही सर्व्हरवरून येऊ दे, डेबियनच्या किल्लीची डिजिटल सही जुळली नाही तर तो ओरडतो. शिवाय एका पॅकेजला दुसरं लागत असेल तर तेही हुडकून आणतो. आपल्या रेशन दुकानदाराकडून एवढी अपेक्षा मी ठेवत नाही.

आधी ११ चेच साचलेले अपडेट पूर्ण केले. मग 'सोर्सेस डॉट लिस्ट' नावाची फाईल उघडली. माल कुठून आणायचा याचा पत्ता तिच्यात असतो. जिथे जिथे 'बुल्सआय' होतं तिथे 'बुकवर्म' लिहिलं आणि शेवटी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा शब्द जोडला, कारण १२ पासून वायफाय वगैरेंना लागणारा तो भाग वेगळ्या कप्प्यात ठेवला आहे. आख्खी आवृत्ती बदलण्याची मुख्य तयारी म्हणजे एका फाईलमधले चार-पाच शब्द बदलणं. मी जवळपास अडीच वर्षं ज्याला घाबरत होते ते हे होतं.

खरी कसोटी पुढे होती. साधं अपग्रेड आधी चालवायचं, नवीन पॅकेज न आणता. ते आहे तेच सुधारतं, काढून काही टाकत नाही. त्यानंतर 'फुल-अपग्रेड', आणि हे मात्र गरज पडली तर काढूनही टाकतं. ते आधी यादी दाखवतं, मग हो की नाही विचारतं. यादी लांबलचक. माझं बोट 'वाय'वर गेलंच होतं. तिने माझा हात धरला. "ताई, थांबा. काय काढणार ते वाचू." वाचलं तर काढायच्या यादीत आमच्या प्रिंटरचा ड्रायव्हर. तो इंजिनिअरने कंपनीच्या साईटवरून आणून बाहेरून टाकलेला, जुन्या लायब्ररीवर टेकलेला. या प्रिंटरवर वस्तीतले उत्पन्नाच्या, जातीच्या दाखल्यांचे अर्ज निघतात. तो बंद पडला असता तर दुसऱ्या दिवशी दारात रांग लागली असती. तिने 'नाही' दाबलं, शोधलं, आणि डेबियनच्याच भांडारात त्या प्रिंटरसाठी खुला ड्रायव्हर सापडला. वहीत नोंद केली, मग 'हो'.

त्या क्षणी मला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "बिघडवतील" हे आम्ही कोणाबद्दल म्हणत होतो? बिघडवणारं बोट माझं होतं.

मध्येच एक प्रश्न येतो. एखादी सेटिंग फाईल तुम्ही बदललेली असेल तर विचारतं, तुमची ठेवू की आमची नवी घालू? काही न सुचवता एंटर दाबलं तर तुमची राहते. फरक दाखवायचीही सोय आहे. आम्ही प्रत्येक वेळी फरक बघितला. भरतीवाल्या पोराला कंटाळा आला, तो वडापाव आणायला गेला.

संध्याकाळी पावणेसातला लाईट गेली.

पहिल्या मशिनवर फुल-अपग्रेड अर्ध्यात होतं. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच मेलेली. भेट म्हणून यूपीएस मिळतो, दोन वर्षांनी बॅटरी बदलायला कोणी भेट देत नाही. अंधारात आम्ही पाचजण, मोबाईलच्या उजेडात वही. मला घाम फुटला. सहा संगणक, त्यातला पहिलाच मेला, आता वस्तीत काय तोंड दाखवू, हेच डोक्यात. ती म्हणाली, "पान सतरा. लाईट गेली तर." तिने लाईट जाण्याचं पान आधीच लिहून ठेवलं होतं. लोहियानगरात राहते ती.

अर्ध्या तासाने लाईट आली. मशीन सुरू झालं, पण नेहमीचा पडदा नाही, नुसता काळा. लॉगिन केलं, आज्ञा दिली, आणि उत्तरादाखल आले चौकोन. ओळीच्या ओळी चौकोन. काय झालं कळेना. थोड्या वेळाने उमगलं, हे मराठी आहे! ॲप्ट आणि डीपीकेजी या दोघांचंही मराठी भाषांतर कोणा स्वयंसेवकांनी कष्टाने करून ठेवलेलं आहे. सुंदर खिडक्या चालू असतात तेव्हा ते दिसतं. पण यंत्रणा कोसळून उघड्या काळ्या पडद्यावर येते, तिथे देवनागरी जुळवून दाखवण्याची सोयच नाही. म्हणजे सगळं सुरळीत असताना मराठी, आणि संकटात सापडलात की तुमची भाषा चौकोन. मीच आग्रहाने बसवलेली मराठी. शेवटी 'एलसी ऑल बरोबर सी' असं टाईप करून यंत्राला मराठी सोडायला लावलं, तेव्हा इंग्रजीत वाक्य उमटलं: डीपीकेजीचं काम मध्येच तुटलं आहे, अमुक आज्ञा चालवा. भाषेच्या अभिमानाचे मेळावे आपल्या शहरात भरपूर होतात. त्यांतल्या कोणी हा काळा पडदा कधी पाहिला असेल असं वाटत नाही.

'डीपीकेजी उणे उणे कॉन्फिगर उणे ए.' ही आज्ञा अर्धवट राहिलेली पॅकेजं एकेक करून मार्गी लावते. मग 'ॲप्ट उणे उणे फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. मग पुन्हा फुल-अपग्रेड. माल आधीच डिस्कवर उतरलेला होता, त्यामुळे नेट लागलं नाही. रात्री साडेनऊला रीबूट केलं आणि पडदा आला. मराठीसकट. पोरींनी एवढा आरडाओरडा केला की खालून विहाराचे अध्यक्ष वर आले.

उरलेल्या पाच मशिनचा प्रश्न डेटाचा होता. प्रत्येकी दीड-दोन जीबी, आणि नेट आमच्या फोनचं. इथे तिने एक बारीक गोष्ट शोधली. 'ॲप्ट' आज्ञा पॅकेज बसवून झाल्यावर उतरवलेली फाईल पुसून टाकते, जुनी 'ॲप्ट-गेट' मात्र ठेवते. म्हणून दुसऱ्या मशिनवर ॲप्ट-गेटने नुसतं उतरवून घेतलं, फायली पेनड्राइव्हवर काढल्या आणि बाकीच्यांच्या त्याच फोल्डरमध्ये टाकल्या. एकाच्या डेटात पाच मशिन. पुढचे दोन रविवार १३ साठी गेले, ट्रिक्सी, जी ९ ऑगस्ट २०२५ ला आली. तिथली ॲप्टची नवी आवृत्ती काढायच्या गोष्टी लाल आणि घालायच्या हिरव्या रंगात दाखवते. एका डेस्कटॉपची हार्ड डिस्क मध्येच गेली. तपकीर गल्लीतून दीड हजारांच्या आत एसएसडी आणली, वर्गणी काढून. यूपीएसची बॅटरीही त्याच वर्गणीत बसवली. फ्लेक्स लावला नाही.

यावर मला लोकांनी काय काय ऐकवलं तेही सांगते. एक कार्यकर्ते म्हणाले, "नोकरीत विंडोज लागतं, हे शिकून काय?" १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम नावाची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. आमच्या सहापैकी एकही मशीन त्यात बसत नाही. हिंजवडी-खराडीत बाद होणारे संगणक आता आणखी वाढतील आणि ते भेट म्हणून आपल्याकडेच येतील. ते चालते कोण ठेवणार? दुसरे म्हणाले, "आता एआय आलंय, आज्ञा कोण पाठ करतं?" एआयला विचारायलाही ब्राउझर उघडावा लागतो, साहेब. आणि एआयने सांगितलेली आज्ञा रूट म्हणून चालवायची की नाही, हे ठरवायला काढायची यादी वाचता आली पाहिजे.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. माझी आत्या कचरावेचक, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची जुनी सभासद. तिला काही वर्षांपूर्वी एका सोसायटीत भंगारात एक छोटा लॅपटॉप मिळाला होता. इतर भंगारासोबत वजनावर न विकता तिने तो मला आणून दिला, "तू शिकलेली, तुला लागंल". ॲटम प्रोसेसर, ३२-बिट. त्याच्यावर मी एम.ए.चा प्रबंध टाईप केला. आम्ही तोही १२ वर आणला. १३ वर नाही नेता आला, कारण डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठीचा कर्नल आणि इन्स्टॉलर काढून टाकला आहे. सांभाळायला माणसं उरली नाहीत, वापरणारे कमी. कारण पटतं. पण वापरणारे कमी हे कोणी मोजलं, कुठे मोजलं? जुना बाजारात अशी मशिनं अजून वजनावर विकली जातात. सांभाळणाऱ्यांत आमची माणसं नाहीत, त्यामुळे निर्णय होतो तेव्हा आमचं मशीन कोणाच्या डोळ्यांसमोर नसतं. मुलगी म्हणाली, "मग आपण व्हायचं का सांभाळणारे?" मी यावेळी "बघू" म्हटलं नाही. पण "हो" म्हणायचीही हिंमत झाली नाही. लॅपटॉप १२ वर आहे, टाईपिंगच्या सरावाला चालतो.

शेवटी चिठ्ठीचं. मला वाटलं होतं, पासवर्ड तिला देऊन टाकावा. तिने नको म्हटलं. "मग माझं कपाट होईल, ताई." त्याऐवजी आम्ही तिघींना आणि त्या मुलाला आपापल्या खात्यातून 'सुडो'चा अधिकार दिला. सुडो म्हणजे रूट न होता, स्वतःच्याच पासवर्डने, एका आज्ञेपुरता रूटचा अधिकार वापरणं. गुपित वाटून घ्यावं लागत नाही आणि कोणी काय केलं याची नोंद राहते. ॲप्टची एक नोंदवही असते, 'हिस्टरी डॉट लॉग'. तारीख, वेळ, कोणती आज्ञा, आणि सुडो वापरून केलं असेल तर कोणाच्या खात्यावरून. माझ्या खात्यालाही अधिकार आहे. चौघांनी मत घेऊन दिला, तीन विरुद्ध एक. विरोधात कोणी होतं ते मी विचारलं नाही.

६ डिसेंबरला मी दादरला होते. अख्खी वस्तीच होती जवळपास, अभ्यासिका बंद असणार असं मी धरून चालले होते. ७ तारखेला दुपारी येऊन दुसऱ्या नंबरचं मशीन लावलं आणि सवय लागली म्हणून नोंदवही उघडली. आदल्या दिवशी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी, ॲप्ट अपग्रेड, एकतीस पॅकेजं, काढलेलं काही नाही. खाली खात्याचं नाव होतं. तिचं नव्हतं. तिच्या मैत्रिणीचं होतं, जिने त्या रविवारी दिवसभर नुसतं मागे उभं राहून बघितलं होतं.